रोजची एक थाप

"असलं खोकं मी चुलीतसुद्धा घालणार नाही. धूर घाण सुटेल."

"वन्सं, आधी उघडून तर बघा."

"उघडलं, बघितलं, झाकलं. आता उचल ते टेबलावरून. खाली लोकांचं कापड आहे."

भावजयीनं खोकं उचललं नाही. नुसतं चार बोटं पलीकडे सरकवलं. गुळगुळीत, चकचकीत खोकं. वर एका पोराचं चित्र, कपाळाला बोट लावलेलं, डोक्यावर पेटलेला दिवा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: चाळीस दिवसांत विचार करणारं मूल.

"चाळीस दिवसांत पोर मानसुद्धा नीट धरत नाही," नणंद म्हणाली, "आणि हे विचार करायला लावणार."

ह्या नणंदेला सगळे नाकमुरडी म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला ठाऊक आहे. तिचं त्याबद्दल काही म्हणणंही नाही, कारण नाक मुरडायचंच तर तिचं काम आहे. जिन्याखालच्या एका खोलीत ती कपडे लहानमोठे करून देते. नवं शिवत नाही. सैल झालेलं घट्ट करते, घट्ट झालेलं सैल करते, फाटलेलं सांधते. लोकांना वाटतं की आपण कपडे धुऊन आणतो. काखेत मिठाचे नकाशे असतात, कॉलरला मळाची पट्टी असते, खिशात चोखून ठेवलेली गोळी रुमालाला चिकटून बसलेली असते. एकदा एका पँटीच्या खिशात दात निघाला. माणसाचा. गिऱ्हाईक म्हणालं, अरे हो, शोधतच होतो.

तीस वर्षं असल्या कपड्यांत नाक घालून माणसाच्या चेहऱ्याची घडी काय राहणार. हिच्या नाकाशेजारी दोन सुरकुत्या कायमच्या बसल्यात, इस्त्रीनंही जाणार नाहीत अशा.

खोली एवढीशी. वर जिना, त्यामुळे दिवसभर डोक्यावर चपला वाजतात. रस्त्याकडे एक खिडकी आहे, पण तिच्यातून माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात. मशीन, इस्त्रीचं टेबल, बटणांचा डबा, आणि भिंतीवर ओळीनं खिळे. त्या खिळ्यांवरचे सगळे कपडे उलटे टांगलेले. हा ह्या खोलीचा नियम. कपडा आला की आधी उलटा करायचा. "सुलटा कपडा खोटं बोलतो," नाकमुरडी म्हणते. "सगळ्या भानगडी आत असतात."

आणि टेबलाखाली, चिंध्यांच्या पोत्यावर, टाचणी.

टाचणी म्हणजे भावाची पोर. पाच वर्षांची. खरं नाव दुसरं आहे, पण ते फक्त लसीच्या कार्डावर वापरतात. बारीक, टोकदार, आणि कुठं बसली की टोचल्याशिवाय राहत नाही म्हणून टाचणी. भाऊ गोदामात, भावजय एका दवाखान्यात कागद लावायच्या कामाला, तेव्हा दुपारभर पोर आत्याकडे. दोन वर्षं झाली.

ह्या दोन वर्षांत आत्यानं तिला एकही गोष्ट शिकवली नाही, असं भावजयीचं म्हणणं. आणि एका अर्थी खरंच होतं ते. आत्या शिकवत नसे. ती पँट पुढं टाकायची आणि विचारायची, "कोणाची ही?"

"एका गुडघ्यावर बसणाऱ्याची," टाचणी म्हणायची.

"कशावरून?"

"डावा गुडघा चकाकतो. उजवा नाही."

"का बसत असेल?"

"लाद्या बसवत असेल."

"आणखी?"

"पलंगाखालची मांजर काढत असेल."

"रोज? आणखी एक."

तिसरं कारण सापडल्याशिवाय कपड्याला कात्री लावायची नाही, हा दुसरा नियम. टाचणी डोकं खाजवायची, नाक आत्यासारखं मुरडायची आणि म्हणायची, "पँट दुसऱ्याचीच असेल. ह्यानं मागून आणली."

"हं. आता बोललीस."

एवढंच. शाबासकी नाही, खाऊ नाही.

बटणांचंही तसंच. डब्यातली बटणं टाचणीनं हवी तशी वाटायची आणि आत्यानं बघून ओळखायचं की कशावरून वाटली. रंगावरून, भोकांवरून, जाडीवरून. एकदा तिनं दोन ढीग केले आणि आत्याला काही केल्या उलगडेना. शेवटी पोर ऐटीत म्हणाली, "ही मला आवडतात, ती नाही आवडत."

"फूः," आत्या म्हणाली. "ते तुझ्या पोटात आहे. बटणाकडे बघून मला कसं कळणार? बघून कळत नाही तो नियम नाही, तो लहरीपणा. मोड ढीग."

पोरीनं रडवेलं तोंड केलं. आत्यानं तिकडे बघितलं नाही, मशीन चालू केली. थोड्या वेळानं टेबलाखालून आवाज आला, "बघ आता." ह्या वेळी दाताखाली धरून टकटक वाजणारी एकीकडे आणि न वाजणारी दुसरीकडे होती. दोन्ही ढिगांना थुंकी लागलेली. नाकमुरडीनं नाक मुरडलं आणि एकेक बटण दाताखाली धरून बघितलं.

पण टाचणीचा जीव होता तो थापेवर. रोज दुपारी कधीतरी, काम करता करता, चेहऱ्यावरची रेघ न हलवता आत्या एक थाप मारायची. एकच. आई न्यायला यायच्या आत ती पकडायची, आणि कशावरून थाप ते सांगायचं. पकडली नाही तर आत्या सांगत नसे. ती दुसऱ्या दिवशीच्या खात्यावर. "काळ्या दोऱ्याची शिवण पांढऱ्यापेक्षा जास्त टिकते," ही थाप चार दिवस तगली. पाचव्या दिवशी टाचणीनं दोन्ही दोरे दाराच्या कडीला बांधून ओढले. दोन्ही तुटले, आणि पोर पाठीवर आपटली. आपटल्या आपटल्या ओरडली, "पकडली!"

हे सगळं आत्या का करते, हे भावजयीला कधी कळलं नाही, कारण आत्यानं कधी सांगितलं नाही. सतराव्या वर्षी ती कोटांच्या कारखान्यात कापणीला होती. मास्तर खडूनं रेघ मारायचा, पोरींनी रेघेवरून कात्री चालवायची. एका पोरीनं एकदा काहीतरी विचारलं, तर मास्तरनं लाकडी पट्टी तिच्या बोटांच्या पेरांवर मारली आणि म्हणाला, "मोठ्यांनी मारलेली रेघ चुकत नसते." पुढच्या महिन्यात दोनशे चाळीस कॉलरी बोटभर आखूड कापल्या गेल्या. तिसऱ्याच कॉलरीला नाकमुरडीच्या लक्षात आलं होतं. तिनं पट्टीकडे बघितलं आणि पुढच्या दोनशे सदतीस मुकाट्यानं कापल्या. मग मास्तर म्हणाला, पोरींनी वाट लावली. पाच जणींना त्याच दिवशी घरी पाठवलं.

घामाच्या वासाची किळस ती सोसते, पोटापायी सोसावीच लागते. पण तेव्हा गप्प बसलेल्या स्वतःच्या तोंडाची तिला जी किळस येते, ती अजून धुऊन निघालेली नाही.

तर त्या दिवशी भावजयीनं खोक्यातलं एक कार्ड काढलं आणि टेबलाखाली धरलं.

"ह्यात वेगळं कोण, सांग बाळा. सुई, कात्री, चाकू, चमचा."

टाचणीनं बघितलं. "कात्री."

"कात्री? का गं?"

"बाकीचे एकटे एकटे आहेत. कात्री दोघी दोघी असतात. एकीनं कापत नाही."

"नाही. परत बघ."

"मग सुई. सुईच हरवते. चमचा कधी पायात जात नाही."

भावजयीनं कार्ड उलटं केलं. मागे चमच्याचं चित्र, त्याभोवती लाल गोल. "चमचा. बघ, चमचा आहे उत्तर."

"कशावरून?"

"मागे गोल आहे म्हणून."

आत्याच्या घशातून असा आवाज आला, जसा भातात केस लागल्यावर येतो.

"तुम्ही नाक मुरडा वन्सं," भावजय म्हणाली. "हे खोकं ज्या क्लासचं, तिथल्या बाईंनी परवा हिला चाचणीला घेतलं. ही त्यांना म्हणाली, कशावरून? दोनदा. त्या म्हणाल्या, मूल उलट बोलतं, कार्डं पाठ करून आणा, मग बघू. तुमचं काय जातंय? मला अजून कोणी काही विचारलं की घसा कोरडा पडतो. शाळेत मला कधी एक उत्तर आलं नाही. हिचं तसं नको व्हायला."

"पाठ केल्यानं घसा ओला होतो काय?"

"चार वाजता येते. तोवर दहा कार्डं करून घ्या. आणि ऐका, सोमवारपासून दुपारी तिला त्या क्लासलाच घालतेय. अर्ज घेऊन येते."

ती गेली. खिडकीतून तिचे गुडघे जाताना दिसले. खोकं टेबलावरच.

नाकमुरडी बराच वेळ त्या दिवा पेटलेल्या पोराकडे बघत राहिली. सोमवारपासून. म्हणजे पोत्यावर कोणी नाही, डब्यातली बटणं आपली आपल्या जागी, आणि ती पोर कुठल्यातरी बाकावर बसून चमचा, चमचा म्हणणार. राग आला की हाताला काम लागतं. तिनं खिळ्यावरून हाताला लागेल तो कपडा ओढला.

टपालवाल्याचा कोट होता. जाड, करडा, गणवेशातला. सकाळी त्याची बायको टाकून गेली होती, सोबत चिठ्ठी: दोन्ही बाह्या दोन बोटं कमी करणे, चारला हे येऊन नेतील. घाईत होती म्हणून कोट सुलटाच टांगला गेला होता, आणि आता आत्यानंही तो उलटा केला नाही. चिठ्ठी वाचली, टेप लावली, दोन्ही बाह्यांवर खडूची रेघ मारली आणि कात्री घेतली. एरवी ती आधी दुमडून बघते, बाहीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, ठेवते. आज कात्रीच घेतली.

डावी बाही कापून झाली. टाचणी पोत्यावरून उठून टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी होती.

"आत्या, उजवी नको कापू."

"का?"

"डावीच्या कापलेल्या पट्टीचा काठ घासलाय, दोरे निघालेत. उजवीचा नवाच्या नवा आहे. म्हणजे डावीच लोंबते."

ह्यावर, दुसऱ्या कुठल्याही दिवशी, आत्यानं कात्री खाली ठेवली असती. आज ती म्हणाली, "चिठ्ठीत दोन्ही लिहिल्यात. रेघ मारलीय मी."

"पण काठ..."

"मोठ्यांनी मारलेली रेघ चुकत नसते."

टाचणीचे डोळे एकदम चमकले. तिनं दोन्ही हात टेबलावर आपटले. "पकडली! आजची थाप पकडली! तू परवा बटणाचं काज चुकीचं केलं होतंस. त्यावरून!"

"थाप नाही ती," आत्या म्हणाली. "गप्प बस जरा. मोठं माणूस सांगतंय ना."

आणि कात्री चालवली. करडी पट्टी खाली पडली.

टाचणीनं आत्याच्या तोंडाकडे बघितलं, कुठं हसू दडलंय का, म्हणून. नव्हतं. मग तिनं टेबलावरचं खोकं दोन्ही हातांनी खाली घेतलं आणि पोत्यावर जाऊन बसली.

आत्यानं अस्तर लावलं, काठ शिवला. मशीन थांबली तेव्हा खालून बारीक आवाज येत होता. टाचणी एकेक कार्ड उचलत होती, पुढून बघत नव्हतीच, सरळ मागून बघत होती आणि म्हणत होती, "चमचा. बदक. तिसरा चेंडू. लाल टोपी. चमचा."

नाकमुरडीला आता आठवलं, आपण काय बोललो ते. मास्तरचं वाक्य. शब्दाला शब्द. तीस वर्षं ती त्या वाक्यावर थुंकत आली होती आणि ते निघालं तिच्याच तोंडातून. वर गप्प बसही म्हणाली, जे मास्तरलाही म्हणावं लागलं नव्हतं, पट्टी होती त्याच्याकडे. तिला तोंड धुवावंसं वाटलं. उठून खरंच चूळ भरली. चव गेली नाही.

"टाचणे," ती म्हणाली.

"बदक," टाचणी म्हणाली.

चार वाजता भावजय आली, हातात अर्ज. पोरीचा आवाज ऐकून दारातच थबकली. "वन्सं! पाठ झाली की हो. बघा, मी म्हणत नव्हते?" तिला इतका आनंद झाला की तिनं नणंदेचा हातच धरला.

नाकमुरडीनं हात सोडवून घेतला. बोलणार तेवढ्यात टपालवाला आला. ठेंगणा, गोल, पायात धुळीचे बूट. दोन पोती कागद रोज वाटणाऱ्या माणसाचा असतो तसा खांदा, डावा उजव्यापेक्षा तीन बोटं खाली. ते बघूनच नाकमुरडीला सगळं कळलं, कोट अंगात घालायच्या आधीच.

त्यानं कोट घातला. डावी बाही मनगटाशी बरोब्बर. उजवीतून मनगट सगळं बाहेर, वर घड्याळ, घड्याळाच्या वर आणखी केस.

"ताई," तो म्हणाला, "उजवी कशाला आखूड केली? माझा हा खांदा पिशवीनं उतरलाय, म्हणून डावीच लोंबत होती."

"चिठ्ठीत दोन्ही आहे," भावजयच मध्ये बोलली. टेबलावरची चिठ्ठी उचलून दाखवली. "हे बघा. लिहिलंय ना? मग वन्संची काय चूक?"

टपालवाल्यानं चिठ्ठी बघितली. "बायकोनं लिहिलंय खरं. तिला वाटलं असेल, करायच्या तर दोन्ही सारख्या." तो ओशाळला. "मग आता काय म्हणायचं तुम्हाला."

वाट मोकळी होती. चिठ्ठी होती, गिऱ्हाईक कबूल होतं, भावजय बाजूनं बोलत होती. टेबलाखाली कार्डं थांबली होती. पोतं अजिबात कुरकुरत नव्हतं. नाकमुरडीला समजलं की पोर ऐकतेय.

"माझी चूक," ती म्हणाली. "चिठ्ठी चुकली, पण चिठ्ठीला डोळे नसतात. मला आहेत. मी कोट उलटा केला नाही, काठ बघितला नाही. आणि ज्या पोरीनं बघून सांगितलं, तिला मी गप्प बस म्हणाले."

"कोणत्या पोरीनं?" टपालवाला म्हणाला.

"ही काय खाली."

टपालवाला वाकला. टाचणीनं त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या खांद्याकडे.

"टाचणे, ती थापच होती," आत्या म्हणाली. "माझी नव्हती. एका जुन्या माणसाची होती, घाणेरडी. पण माझ्या तोंडातून निघाली, आणि तू पकडलीस. मीच कबूल केलं नाही."

पोर तशीच. एवढ्यानं विरघळायला ती काही लोण्याची नव्हती.

भावजय गोंधळली होती. तिनं विषय सावरायला खाली वाकून एक कार्ड उचललं. "ते राहू दे. बाळा, काकांना दाखव बघू. सुई, कात्री, चाकू, चमचा. वेगळं कोण?"

"चमचा," टाचणी ताबडतोब म्हणाली.

"बघा!"

"कशावरून?" आत्यानं विचारलं. हळू विचारलं, जसं एखाद्या मेलेल्या कोंबडीला काडीनं ढोसावं.

वरून कोणीतरी जिना उतरला, सगळ्या पायऱ्या. "मागे गोल आहे म्हणून," टाचणी म्हणाली. मग तिनं आईच्या हातातलं कार्ड घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, परत उलटं केलं. नाक मुरडलं.

"पण गोल कोणी काढला?"

आईनं खोक्याच्या झाकणाकडे बघितलं, बाजूला बघितलं, तळ उलटून बघितला. तळाला किंमत होती आणि न गिळण्याची सूचना होती.

"आई, कोणी काढला?"

"मला नाही माहीत," भावजय म्हणाली. घसा कोरडा पडला असावा, कारण ती एकदा थुंकी गिळून परत तेच म्हणाली. "खरंच माहीत नाही गं."

"त्याला विचारायचं मग, की चमच्यानं तो काय कापतो," टाचणी म्हणाली.

टपालवाला हसला आणि खोकला. भावजय हसली नाही. पण हातातला अर्ज तिनं दोनदा घडी घालून पिशवीत टाकला, म्हणाली, "सोमवारचं सोमवारी बघू," आणि स्टुलावर बसली. असं ह्या खोलीत ती दोन वर्षांत पहिल्यांदा बसत होती. एरवी दारातूनच पोर न्यायची, वास येतो म्हणून.

"माझ्या कोटाचं काय?" टपालवाल्यानं विचारलं.

"काढा," नाकमुरडी म्हणाली. "पडलेली पट्टी आहे, पण जोड दिसेल. ह्याच कापडाचा चांगला तुकडा हवा, चार बोटं रुंद. कोटातच कुठंतरी असणार. कुठं, ते शोधायला लागेल."

तिनं कोट टेबलावर उलटा टाकला. आतून पाठीवर घामाचा भला मोठा डाग होता, ढगासारखा, कडा पांढऱ्या झालेल्या. काखेतला वास खोलीभर झाला. भावजयीनं रुमालाचा बोळा नाकाला लावला. टाचणी पोत्यावरून उठली, डागाकडे बघून "ई" म्हणाली, आणि कोपर त्यातच टेकवून खालच्या दुमडीत बोट घातलं.

"इथं आहे. मागच्या फटीत. जाड लागतंय."

"कशावरून तेच कापड?"

"उसवून बघू."

"हं."

"आत्या, आजची थाप पकडून झाली, म्हणजे आज आणखी नाही ना?"

"आज नाही," नाकमुरडी म्हणाली, चष्मा नाकावर खाली ओढला, आणि त्या घाण कोटाच्या दुमडीचा पहिला टाका उसवायला घेतला.